विणणारीचा वेळ

आजच्या मननासाठी एकच वस्तू समोर ठेवू या : करेन बायकांनी हातानं विणलेलं कापड. ते तुमच्याजवळ नसलं तरी चालेल. अंगावर किंवा घरात जे सुती कापड असेल, त्याचा एक कोपरा दोन बोटांत धरा आणि उजेडाकडे न्या. उभे धागे कुठले, आडवे कुठले, एवढं नीट पाहून घ्या. वाचताना जिथे थांबायला सांगेन तिथे खरोखर थांबा. या विषयाला घाई सोसत नाही, कारण हा विषयच वेळेचा आहे.

करेन लोकांचा मुलूख म्हणजे म्यानमारच्या आग्नेयेकडचे डोंगर, इरावतीचा त्रिभुज प्रदेश आणि सीमेपलीकडे थायलंडमधले माए हाँग सोन, ताक, चियांग माय, लाम्फून, कांचनाबुरी हे प्रांत. साल्वीन आणि मोए या नद्या काही अंतर दोन देशांची सीमा होऊन वाहतात. त्यांच्या दोन्ही तीरांवर करेन गावं आहेत. स्गॉ आणि प्वो या त्यांच्यातल्या दोन मोठ्या शाखा. थोडे करेन आपल्या देशातही आहेत : 1925 साली, ब्रिटिश अमदानीत, ब्रह्मदेशातून काही कुटुंबं मध्य अंदमानात आली आणि मायाबंदरजवळ वेबी हे गाव वसलं. करेनांची ही विणकला टिकवायची, आणि तीही गावानं मिळून चालवलेल्या धंद्यावर, तर नेमकं काय टिकवायला हवं? या एकाच प्रश्नापाशी आज बसायचं आहे.

पाठ

आधी माग पाहू. करेन बाईचा कमरेचा माग काम नसताना जवळजवळ दिसतच नाही. बांबूच्या काही काठ्या, लाकडाची एक गुळगुळीत पट्टी आणि कमरेला लावायचा रुंद पट्टा, एवढाच त्याचा पसारा. अर्धवट विणलेल्या कापडासकट तो गुंडाळून कोपऱ्यात ठेवता येतो. विणायला बसायचं तेव्हा ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, एक टोक घराच्या खांबाला किंवा भिंतीला बांधायचं आणि दुसरं टोक पट्ट्यानं स्वतःच्या कमरेला. जमिनीवर पाय लांब करून बसायचं, तळवे समोरच्या बांबूला टेकवायचे.

आता तिच्या हालचालीकडे लक्ष द्या. धागे उचलायचे असतात तेव्हा ती किंचित पुढे झुकते. ताणा सैल पडतो आणि धाग्यांच्या दोन थरांत वाट होते. त्या वाटेनं बाणा, म्हणजे आडवा धागा, पलीकडे जातो. मग ती मागे रेलते. ताणा ताठ होतो, आणि लाकडी पट्टीनं ती तो धागा ठोकून घट्ट बसवते. पुढे, मागे. दर आडव्या धाग्याला तेच.

इथे थांबा. जमत असेल तर जमिनीवर पाय पसरून बसा, पाठ ताठ करा, आणि कमरेच्या मागच्या भागाकडे लक्ष न्या. दहा श्वास तसेच राहा. जिथे तुम्हाला आता हलकी ओढ जाणवते आहे, त्याच जागेवर तिचं अख्खं कापड तोललेलं असतं.

या मागाला चौकट नाही. ताण धरायला दोनच गोष्टी आहेत, खांब आणि पाठ. खांब डळमळला तर कापड होत नाही, आणि पाठ उठून गेली तरी होत नाही. हे ध्यानात ठेवून पुढे जाऊ, कारण धंद्याचा हिशेबही शेवटी इथेच येऊन ठेपणार आहे.

हात जितके पोचतील तितकाच या कापडाचा पन्हा. म्हणून ते अरुंद असतं. सदरा करायचा तर दोन लांब पट्ट्या घेतात, खांद्यावर दुमडतात, मध्ये शिवताना गळ्यापुरती फट ठेवतात आणि बाजूला हातांपुरती. कात्री लावायची वेळच येत नाही. जेवढं विणलं तेवढं सगळं अंगावर. लग्न न झालेल्या मुलीचा पायघोळ सदरा परंपरेनं पांढरा. लग्न झालं की वेगळी चोळीवजा कुडती आणि लुंगीसारखं नेसायचं वस्त्र. कपडा पाहूनच बाई आयुष्याच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते गावाला कळतं.

बी

लग्न झालेल्या स्गॉ बाईच्या गडद कुडतीवर पांढऱ्या मण्यांच्या रांगा दिसतात. जवळ जाऊन पाहिलं की कळतं, हे मणी काचेचे नाहीत आणि शिंपल्याचेही नाहीत. ते एका गवताचं बी आहे, आपल्याकडचा रानजोंधळा. वैजयंतीची माळ म्हणून देवळाबाहेर जे चकचकीत, करडे-पांढरे मणी विकतात, ते याच वनस्पतीचे. करेन बायका यातला लांबट, गव्हासारखा दाणा पसंत करतात. या बियांना भोक पाडावं लागत नाही. आतला देठ ओढून काढला की आरपार वाट मोकळी होते. मग सुई त्यातून जाते आणि एकेक दाणा कापडावर टाचला जातो, कधी रांगेत, कधी चांदणीच्या आकारात, मधून लाल धाग्याचं भरतकाम.

अशी एक कुडती मनात आणा. छातीपासून खालच्या काठापर्यंत दाणेच दाणे. प्रत्येक दाणा कुणीतरी वेचला, निवडला, साफ केला, टाचला. आता स्वतःला विचारा : ही कुडती बाजारात आली तर तिचं मोल मी कशावरून ठरवेन? वजनावरून? दिसण्यावरून? की शेजारच्या दुकानात तशीच दिसणारी, यंत्रावर छापलेली कुडती कितीला मिळते त्यावरून?

उत्तराची घाई नको. प्रश्न मनात राहू द्या.

नेसायच्या वस्त्रावर आणखी एक नक्षी असते. विणण्याआधीच ताण्याचे धागे ठरावीक ठिकाणी करकचून बांधून रंगात बुडवतात. बांधलेला भाग कोरा राहतो, आणि विणल्यावर कडा किंचित विरलेली, धूसर नक्षी उमटते. तिला अजगराच्या कातडीची नक्षी म्हणतात. जुनी कथा अशी की एका बाईला अजगरानं पळवून नेलं आणि स्वतःच्या कातडीवर तिला नक्षी काढायला लावली. तीच नक्षी पुढे करेन बायकांनी आपल्या वस्त्रावर घेतली. बळजबरीनं करून घेतलेलं काम बायकांनी आपल्या अंगावरचा मान करून टाकलं. ही कथा ज्या समाजानं जपली, त्याला कामाचा मालक कोण हा प्रश्न नवा नाही.

सूत

आता धाग्याकडे वळू. पूर्वी डोंगरउतारावरच्या भाताबरोबरच कापूसही पेरला जाई. सरकी काढणं, पिंजणं, सूत कातणं सगळं घरीच. लाल रंग आल नावाच्या झाडाच्या मुळांचा, निळा निळीचा, पिवळा हळदीचा. विणण्याची खरी सुगी म्हणजे भात घरात आल्यानंतरचे कोरडे महिने. शेतात काम कमी, अंगणात ऊन, लेकीला शेजारी बसवून शिकवायला सवड.

या कामाचं वेळापत्रक शेतीनं ठरवलेलं होतं आणि शेतीला जमीन हवी. करेन शेतकरी एक तुकडा पेरतात, मग तो काही वर्षं पडीक ठेवतात, जंगल पुन्हा वाढू देतात, आणि फिरून तिथे येतात. थायलंडच्या वनकायद्यांनी ही रीत बराच काळ गुन्हा ठरवली. 3 ऑगस्ट 2010 रोजी थाई मंत्रिमंडळानं करेन जीवनरीतीच्या पुनरुज्जीवनाचा ठराव केला, त्यात या फिरत्या शेतीलाही मान्यता होती. पण ठराव कागदावर होणं आणि डोंगरावर पोचणं यांत अंतर राहिलं. शेताचा तुकडा आक्रसला की आधी भात वाचवला जातो, कापूस मागे पडतो.

आज बहुतेक सूत बाजारातून येतं, रंगवलेलं, कधी कृत्रिम धाग्याचं. हे वाचून तुम्हाला हळहळ वाटली का? तिच्यापाशीही क्षणभर थांबा. शहरातल्या गिऱ्हाइकाला झाडपाल्याचे मंद रंग हवे असतात. गावातल्या मुलीला मात्र नव्या वर्षाच्या सणाला भडक गुलाबी धाग्याचा सदरा हवासा वाटतो, आणि तो ती त्याच मागावर, आजीनं शिकवलेल्या हातानं विणते. यातलं कुठलं कापड खरं करेन, हे कोण ठरवणार? विकत आणलेल्या सुतानं बायकांचे कातण्याचे महिने वाचले, ही गोष्टही खरीच. परंपरा शुद्ध राहावी म्हणून दुसऱ्याच्या लेकीनं वर्षभर सूत कातत बसावं, अशी अपेक्षा करायचा अधिकार आपल्याला नाही. नैसर्गिक रंगाचं कापड हवं असेल तर रंगवण्याच्या दिवसांचे पैसे मोजावेत. तेवढा अधिकार नक्की आहे.

दाम

आता पैशाबद्दल शांतपणे विचार करू. मननात पैसा कशाला, असं मनात आलं तर त्याला बाजूला सारा. शाळेची फी, तांदूळ, औषधं यांना रोख लागतं, आणि डोंगरातल्या बाईच्या हाती रोख येण्याचे मार्ग मोजकेच आहेत.

एका झोळीचा हिशेब मांडू या. खांद्याला लावायची करेन झोळी थायलंड-म्यानमारमध्ये सगळीकडे दिसते, विद्यार्थ्यांपासून भिक्खूंपर्यंत. आकडे नकोत, नुसती खाती मनात लिहा. सूत. रंग. ताणा लावण्याचे दिवस. विणण्याचे दिवस. शिवण आणि गोंडे. डोंगरावरून शहरात माल नेण्याचं भाडं. दुकानाचा वाटा. न विकलेल्या मालाची तूट. आणि पुढच्या सुतासाठी बाजूला ठेवायची रक्कम.

या यादीतलं कुठलं खातं सर्वांत सहज गाळलं जातं? डोळे मिटून उत्तर शोधा.

गाळले जातात ते विणणारीचे दिवस. सुताला पावती असते, भाड्याला तिकीट असतं. तिच्या दिवसांना काहीच नसतं, कारण ते चूल, मूल आणि शेत यांच्या फटीफटींतून आलेले असतात. घरबसल्या चार पैसे मिळतात ना, मग झालं, असं म्हणून ते मोजलेच जात नाहीत. मग झोळी स्वस्त होते, विकलीही जाते, आणि गावाला वाटतं धंदा चालला. काही वर्षांनी मात्र लेक मागाजवळ बसत नाही. ती आईला पाहत आलेली असते. आईच्या दिवसांचे पैसे कुणी दिले नाहीत, हे तिनं कुणी न सांगता समजून घेतलेलं असतं.

गावाचा धंदा हवा तो यासाठी. एकटी बाई व्यापाऱ्यासमोर झोळी घेऊन उभी राहिली तर भाव तो सांगणार, कारण आज संध्याकाळच्या तांदळाची चिंता तिला आहे, त्याला नाही. गट असला की सूत एकगठ्ठा येतं. दिलेलं सूत वजन करून नोंदतात आणि कापड परत आलं की पुन्हा वजन होतं. पन्हा, वीण, काठ तपासले जातात. भावाची बोलणी एक बाई करत नाही, गट करतो. थायलंडमध्ये अशा गटांसाठी 2005 साली सामुदायिक उद्योगांचा कायदा झाला. किमान सात जणांनी एकत्र येऊन नोंदणी करायची, आणि नोंदणी करणारं खातं शेतीविस्ताराचं. सहकाराच्या गावात वाढलेल्या मराठी वाचकाला यात ओळखीचं बरंच काही दिसेल.

गावाबाहेरून हात देणाऱ्या संस्थाही आहेत. चियांग मायची ‘थाय ट्रायबल क्राफ्ट्स’ 1973 पासून डोंगरी जमातींचा माल रास्त व्यापाराच्या तत्त्वानं विकते. माए हाँग सोनच्या सोप मोए भागात प्वो करेन गावांतल्या एका आरोग्यप्रकल्पातून ‘सोप मोए आर्ट्स’ उभं राहिलं, आणि जुन्या विणीचं कापड शहरी घरांच्या भिंतींवर पोचलं. लाम्फूनच्या ली तालुक्यात फ्रा बात हुआई तोम मठाभोवतीच्या करेन वस्तीत विणकाम आणि चांदीकाम दोन्ही गावाच्या उत्पन्नाचे आधार आहेत.

या सगळ्यांत एक बारीक प्रश्न कायम असतो, आणि त्याच्यावर बरंच काही अवलंबून आहे. पैसे कधी द्यायचे? कापड गटाकडे आलं त्या दिवशी, की ते विकलं जाईल त्या दिवशी? विकल्यावर द्यायचे म्हटलं तर न विकण्याचा धोका गटातल्या सर्वांत गरीब बाईच्या डोक्यावर बसतो. आल्याबरोबर द्यायचे तर तोच धोका सगळे वाटून घेतात, आणि त्यासाठी गाठीला रक्कम लागते. मला विचाराल तर गटाला समुदायाचा धंदा म्हणायचं की साधा व्यापार, हे इथेच ठरतं. खांबानं आपल्या वाटचा ताण घेतला, की सगळा पाठीवर टाकला?

छावणी

आता मन थोडं खंबीर करा.

1949 च्या जानेवारीत म्यानमारमध्ये करेन उठाव सुरू झाला आणि ते युद्ध पिढ्यान्‌पिढ्या चाललं. 1984 पासून निर्वासित थायलंडच्या हद्दीत छावण्यांत राहू लागले. सीमेलगत आज नऊ छावण्या आहेत, ताक प्रांतातली माए ला सर्वांत मोठी. फेब्रुवारी 2021 च्या लष्करी उठावानंतर करेन गावांवर पुन्हा विमानांतून बाँब पडले आणि पुन्हा माणसं नदी ओलांडून आली.

पळताना बाई काय घेते? मूल, भांडं, तांदूळ. मोठा माग कुणी पाठीवर घेऊन पळू शकत नाही. कमरेचा माग मात्र कुठेही पुन्हा उभा राहतो, बांबू मिळाला आणि बांधायला खांब मिळाला की झालं. छावण्यांत करेन महिला संघटनेच्या बायकांनी मदतसंस्थेकडून आलेल्या सुतावर छावणीतल्याच लोकांसाठी लुंग्या विणल्या. ज्यांना बाहेर जाऊन काम करायची परवानगी नव्हती, त्यांना निदान आपल्या माणसांच्या अंगावर आपल्या हातचं कापड पाहता आलं.

2025 साली परदेशी मदत आटली, शिध्याला कात्री लागली, आणि ऑगस्टमध्ये थायलंड सरकारनं छावणीतल्या निर्वासितांना कायदेशीर काम करू देण्याचा निर्णय घेतला. इतक्या वर्षांनी फाटक उघडलं. तरुण मुली शेतमजुरीला जातील, सीमेवरच्या माए सोत शहरातल्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत शिवणयंत्रावर बसतील. माग रिकामा राहील.

इथे थांबा, आणि स्वतःला प्रामाणिकपणे विचारा : त्या मुलीनं मागावर बसावं की कारखान्यात जावं? तुमच्या मनात जे उत्तर आलं, ते तिच्या भल्यासाठी आलं की कापडाच्या प्रेमापोटी?

दुसरा मार्ग बंद आहे म्हणून चाललेली परंपरा टिकलेली नसते, अडकून पडलेली असते. मुलीसमोर दार उघडं असलं पाहिजे. आणि ते उघडं असतानाही तिला मागाजवळ यावंसं वाटेल, एवढी मिळकत आणि एवढा मान त्या कामात असला पाहिजे. गावाच्या धंद्याचं यश मोजायचं तर याच मापानं मोजावं.

पाहणारे

करेनांचीच एक शाखा कायान. त्यांच्या बायका गळ्यात पितळी वेटोळी घालतात. माए हाँग सोनच्या काही वस्त्यांत प्रवेशाचं तिकीट काढून पर्यटक त्यांना पाहायला जातात. त्या बायकाही विणतात, शाली विकतात, पण आलेल्याचा कॅमेरा कापडावर क्वचित थांबतो. 2008 साली संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेनं या प्रकाराला माणसांचं प्राणिसंग्रहालय म्हटलं होतं.

हे आठवायचं कारण असं की हातमागाच्या विक्रीत विणणारी स्वतःच दुकानातली वस्तू होण्याचा धोका नेहमी असतो. लेबलवर तिचा हसरा फोटो असतो, दुकानात मागावर बसून दाखवणारी म्हातारी असते. तिला ते मनापासून आवडत असेल तर उत्तम. पण नको म्हणायची सोय तिला आहे का?

नको म्हणण्याचा हा हक्क शेवटी लक्षात ठेवण्याजोगा आहे. हा सदरा विक्रीचा नाही, तो लग्नाचा आहे. ही नक्षी पायपुसण्यावर घालणार नाही. पेरणीच्या महिन्यात मागणी घेणार नाही. एवढ्या भावात विणणार नाही. ज्या गटाला ही चार वाक्यं बोलता येतात आणि बोलूनही ज्याचा धंदा टिकतो, त्या गटात करेन कापड सुरक्षित आहे. ज्याला ती बोलता येत नाहीत, त्याचा माल कितीही सुंदर असला तरी पुढच्या पिढीची शाश्वती नाही.

आता हातातला कापडाचा कोपरा पुन्हा पाहा. उभा धागा, आडवा धागा. मग तो सोडून द्या, कारण पुढचं काम बाजारातलं आहे.

मराठी माणूस आज मोठ्या संख्येनं थायलंडला जातो. चियांग मायच्या रात्रीच्या बाजारात डोंगरी नक्षीची यंत्रावर छापलेली कापडं ढिगानं मिळतात, आणि हातानं विणलेली झोळीही मिळते. ती हाती घ्याल तेव्हा तीन प्रश्न विचारा. कुठल्या गावात विणली? विणायला किती दिवस लागले? विणणारीला पैसे केव्हा मिळाले? दुकानदाराला उत्तरं माहीत असतील तर सांगेल तो भाव द्या आणि घासाघीस करू नका. माहीत नसतील तर नमस्कार करून पुढे जा. गावाचा गट थेट विकतो ते दुकान शोधा. प्रवासात एवढा वेळ निघतो.